वाढू का थांबू

“चौघं म्हनलेते, तिघंच आलेत. आता वाढू का थांबू?”

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि सटवाजीमामा फोनवर बंगल्याच्या मालकांशी बोलत होते. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत असावं. आई, बाबा आणि मी जेवणाच्या टेबलाजवळ उभे होतो. टेबलावर चार ताटं मांडलेली होती. बुकिंग करताना बाबांनी फोनवर “आम्ही चौघं” असं सांगितलं होतं. मुद्दाम नाही. लॉज असो, लग्न असो, देवीचं दर्शन असो, ते कायम हेच सांगत आले होते. तोंडाला वळण पडलं होतं.

मामा बाहेर आले. उंच, काळे, पाठीत थोडे वाकलेले. डोक्यावर मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याची असते तशी उंच पांढरी टोपी होती आणि तिच्या खालून त्यांची स्वतःची रोजची गांधी टोपी डोकावत होती. एकावर एक.

“साहेब, चौथे मागून येनार हायत का?”

माझा भाऊ अभय जूनमध्ये अपघातात गेला होता. कसा, ते मी इथे लिहिणार नाही. आईने बाबांकडे पाहिलं नाही. मी पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते. आमच्यापैकी कुणीतरी त्यांना एक वाक्य सांगायचं होतं आणि ते सोपं वाक्य होतं.

“येतोय,” बाबा म्हणाले. “त्याला उशीर होईल.”

“मग झाकून ठिवतो.” मामांनी चौथ्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि आम्हाला वाढायला सुरुवात केली.

आम्ही जेवलो. मला आठवतं ते एवढंच की वरण चांगलं होतं आणि मला ते चांगलं लागत नव्हतं.

तो बंगला नेकनूर ओलांडून डोंगराकडे वळलं की तलावाच्या वरच्या अंगाला आहे. मालक बीडचे एक डॉक्टर. परदेशात कुठेतरी बर्फातली लाकडी घरं पाहून आले आणि इथे माळावर तसंच एक बांधलं. उतरत्या छपराचं, आतून सगळं लाकडाचं, दारावर ‘शॅले’ अशी पाटी. माणूस गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला नातेवाईक भेटायला येतात, शेजारी बसून रडतात, फराळाचे डबे ठेवून जातात. बाबांना ते नको होतं. त्यांनी जाहिरात शोधली. फोटोखाली ‘खासगी शेफची सोय’ असं लिहिलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “तुझ्या आईला स्वयंपाकघरात जावंच लागणार नाही.” त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं. आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघंही वेगवेगळ्या वेळी जेवत होतो. आई ओट्याशी उभी राहून, बाबा टीव्हीसमोर, मी पुण्याहून आले की माझ्या खोलीत.

तो खासगी शेफ म्हणजे सटवाजीमामा. मामा म्हणा, असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं.

घराबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. “बर्फ पडंना, पाऊसबी धड पडंना. छप्पर उताराचं केलंय म्हंजे काय झालं, तर माकडं घसरायलेत,” असं ते मला गंभीरपणे म्हणाले. मी हसले नाही. ते माझ्याकडे बघत थांबले, मग स्वतःच थोडं हसून आत गेले. विनोद वाया जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या होता. दुसऱ्या दिवशी तोच विनोद त्यांनी बाबांना सांगितला.

ते नेकनूरच्या बाजूच्याच एका वस्तीवरचे. घराणं मेंढरांचं. वडिलांबरोबर कळप घेऊन हिंडले, मग मेंढरं विकली गेली, मग लग्नाकार्यांत आचाऱ्यांच्या हाताखाली आणि शेवटी डॉक्टरांच्या या बंगल्यावर. हे त्यांनी सलग कधी सांगितलं नाही. ते जे सांगत त्यात बढाई भरपूर असे. कुठल्याशा साहेबांच्या मुलीच्या लग्नात जिलबी कमी पडली पण यांचा मठ्ठा कमी पडला नाही, ही गोष्ट मी दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी साहेब मोठ्या हुद्द्यावर गेले होते आणि पंगतीही वाढल्या होत्या.

उंच टोपी ही मालकांची अट होती. वाढताना ती डोक्यावर हवी, पाहुण्यांना फोटो काढता येतात. स्वयंपाकघरात गेले की मामा ती काढून पाणी गाळायच्या यंत्रावर घालून ठेवत. दारातून पाहिलं की ते यंत्रच शेफ वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पास्ता केला. मालकांनी पाठवलेल्या यादीत ‘काँटिनेंटल’ म्हणून काही पदार्थ होते आणि बाबांनी न वाचता सगळ्याला हो म्हटलं होतं. मामा मोबाइलवर बघून तो शिकले होते. त्याला ते ‘पांढरं कोरड्यास’ म्हणायचे. आमच्याकडे भाजीला कोरड्यास म्हणतात. मैदा गुठळ्यांचा झाला होता आणि वर त्यांनी आपल्या मनाने शेंगदाण्याची लाल चटणी भुरभुरली होती. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“कसं झालंय, ताई?”

“छान,” मी ताटाकडे बघत म्हणाले.

“खोटं बोलायचं तर डोळ्यात बघून बोलावं,” मामा म्हणाले. “खाली बघून बोललं की ते खोटंबी होतंय अन् त्याचा उपेगबी होत न्हाई.”

बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मामा तोवर चौथ्या ताटाकडे वळले होते. त्यात त्यांनी पास्ता वाढला, चटणी भुरभुरली, झाकण घातलं. “ह्येची थंड झाल्यावर चव जाती,” ते म्हणाले. “पर आल्यावर गरम करू.”

मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण आपणहून बोलणं मला कधीच जमलं नव्हतं. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता, आणि इंग्रजीत बोलायला मला धाडस होत नसे, त्यामुळे मी न बोलण्यात तरबेज झाले. अभय त्याच शाळेत होता आणि दंड भरून बोलायचा. दुकानात, बसमध्ये, पाहुण्यांत माझ्या वाटचं तोच बोलायचा. “तिला पेरू नकोय, तिला चिकू हवाय.” मी नुसती शेजारी उभी असायचे. तो गेल्यानंतर कितीतरी दिवस मी दुकानात गेलेच नाही.

मामांचा एक नियम होता आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. एकट्याला वाढायचं नाही. तिसऱ्या प्रहरी बाबांनी चहा खोलीत मागितला. मामांनी तीन कप भरून ट्रे व्हरांड्यात नेऊन ठेवला आणि पळीने ट्रेच्या कडेवर टण टण वाजवलं. कुणी आलं नाही. ते पुन्हा वाजवत राहिले. शेवटी आवाजाला कंटाळून बाबा बाहेर आले, मग मी, मग डोक्याला पदर बांधून आई.

“मी खोलीत मागितला होता,” बाबा म्हणाले.

“व्हय साहेब. पर चहा हितं हाय.”

“तुम्ही इथे नोकरीला आहात ना?”

“हाय की. म्हनून तर वाजवायलोय.”

बाबांना राग आला होता, पण तो पुढे न्यायला लागणारी ताकद त्यांच्यात नव्हती. ते वेताच्या खुर्चीत बसले. आम्ही तलावाकडे बघत चहा प्यायलो. खालच्या रस्त्याने ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रॅक्टर जात होता, मागे ट्रॉलीत बायका, पोरं, पत्रे, एक शेळी. मामा कठड्याला टेकून उभे होते. कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांनी सांगितलं.

“मेंढरामागं होतो तवा म्या कधी कुनासंगं जेवलो न्हाई बगा. एकानं जेवायचं, एकानं राखायचं. घास तोंडात अन् डोळा मेंढरावर. भाकरीत काय हाय त्ये बगायलाबी सवड न्हाई. बापासंगं लहानाचा मोठा झालो, पर बाप जेवताना कसा दिसतो त्ये मला ठावं न्हाई.” मग ट्रे उचलत ते म्हणाले, “म्हनून माझ्या हातचं ताट एकट्याला जात न्हाई. मालकालाबी सांगितलंय.”

आईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

गंमत अशी की ते स्वतः एकटेच जेवत. आमचं झालं की ओट्याशी उभं राहून, ताट डाव्या हातावर धरून, खिडकीतून समोरच्या उताराकडे बघत. उतारावर काहीच नसायचं. एखादी शेळी. मी पाणी घ्यायला गेले तेव्हा दोनदा तसं पाहिलं आणि दोन्ही वेळा आवाज न करता परत आले.

कढईचं झालं ते नरक चतुर्दशीला. सकाळी मी खाली आले तेव्हा मामा खुशीत होते. परातीत चकलीचं पीठ मळलेलं, गॅसवर मोठी कढई, तिच्यात तेल. “सनाच्या दिवशी पाहुन्याला तळन न्हाई म्हंजे काय,” असं काहीतरी ते स्वतःशीच बोलत होते. आई दारात येऊन उभी राहिली. बंगल्यात आल्यापासून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पहिल्यांदाच आली होती.

“तळण नको,” ती म्हणाली.

“कावून, वैनी? डाक्टरनं तेल बंद केलंय का?”

“नाही. आमच्यात यंदा कढई चढत नाही.”

हे वाक्य आमच्या भागात कुणालाही कळतं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सणाला कढई चढवत नाहीत. मामांच्या हातात चकलीचा सोऱ्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. गॅस बंद केला. दोन्ही हातांत फडकं धरून कढई उतरवली आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवली. तेल निवल्यावर ते परत डब्यात ओतताना मी त्यांना पाहिलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कोण, कधी, कसं, काहीच नाही. सकाळभर त्यांनी एकही बढाई मारली नाही.

मला वाटलं, सुटलो. आता त्यांना कळलं. आता कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

दुपारी टेबलावर चार ताटं होती.

मी ती मोजली नाही, पाहताक्षणी दिसलीच. मामांनी आम्हाला येसर आमटी वाढली, भाकरी वाढली आणि चौथ्या ताटातही वाढून वर झाकण घातलं. बाबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मामांनीही पाहिलं. बाबांनी नजर खाली घेऊन भाकरी मोडली.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. मामा पायरीवर बसून बायकोशी फोनवर बोलत होते. ती त्यांना काहीतरी रागावत असावी.

“अगं, मला कळतंय,” ते म्हणत होते. “मला काय कळत न्हाई का? पर बाप म्हनलाय येतोय. आता बापच म्हनतोय तर आपुन कोन न्हाई म्हननारे? त्यो सांगंस्तोवर ताट मांडायचं. त्येच्यात आपलं काय जातंय, एक भाकर.” मग जरा वेळ ऐकून, “चकल्या तू कर. तुझ्या चुलीवर कर. डबा देऊन टाक यष्टीवाल्याजवळ.”

दुसऱ्या दिवशी चकल्यांचा डबा आला. स्टीलचा, झाकणावर कुणाचं तरी नाव कोरलेला, लग्नात मिळालेला असावा. तो त्यांनी आईच्या हातात दिला. “आमच्या घरच्या हायत. आमच्या कढईतल्या. ह्या चालत्यात.” दुःखातल्या घरी दुसऱ्याच्या कढईतलं चालतं. आईने डबा घेतला आणि तशीच स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. मामांनी तिच्यासमोर कोथिंबिरीची जुडी ठेवली. तिने ती निवडायला घेतली. मी आतल्या जिन्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मी पान उलटत नव्हते.

“तुमची मुलं काय करतात?” आईने विचारलं.

“दोन हायत. दोगंबी ऊस तोडाया कोयत्यावर गेलेत, तिकडं कारखान्याला. दिवाळी फडातच व्हती त्येंची.”

“घरी त्यांचं ताट काढतात?”

“न्हाई वैनी. ताट न्हाई काढत. पर आमची म्हातारी भाकरी थापायली की दोन जास्तीच्या थापती. हाताला सवय हाय. म्या म्हनतो, अगं कुनासाठी? तर म्हनती, कुत्र्यासाठी. आमच्याकडं कुत्रंच न्हाई.”

आई हसली. फार नाही, नाकातून हवा जाते तेवढंच. मग ती बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली. काड्यासुद्धा पानांत टाकत होती आणि मामा त्या न बोलता वेचून काढत होते.

“तुमची येतील की पण,” ती म्हणाली. “फड संपला की.”

“येतील,” मामा म्हणाले. त्याच्यापुढे त्यांनी काही जोडलं नाही. मला ते आवडलं. म्हणजे आवडलं असं तेव्हा वाटलं नव्हतं, तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. आता लिहिताना वाटतं.

मी त्यानंतर सटवाजीमामांना पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी तो बंगला पुढे विकला म्हणतात. नव्या मालकांनी मामांना ठेवलं का, उंच टोपी अजून त्यांच्या डोक्यावर आहे का, माहीत नाही. आम्ही नेकनूरच्या रस्त्याने गेलो तरी बाबा तिकडे वळत नाहीत. पण आमच्या घरात आता एक गोष्ट वेगळी आहे. पुण्याहून मी आले की आई जेवायच्या वेळी पळी घेऊन ताटाच्या कडेवर वाजवते. बाबा टीव्ही बंद करून येतात. आम्ही फार बोलत नाही. पण बसतो एकत्र.

मामा मला आठवतात ते निघायच्या दिवसाचे. सामान गाडीत टाकून झालं होतं, दुपारचं जेवून निघायचं होतं. मामांनी यादीतलं काही केलं नव्हतं. भाकरी, ठेचा, पातळ वांगं, भात. ताटं चार. आम्ही येऊन बसलो. कुणी वाजवायची गरज पडली नाही.

मामा उंच टोपी घालून टेबलाच्या टोकाला आले. हातात वांग्याचं पातेलं. त्यांनी नेहमीसारखं वाढायला सुरुवात केली नाही. ते बाबांकडे बघत उभे राहिले. आज शेवटचं जेवण होतं. उशीर होणाऱ्याला आता उशीर व्हायला जागा उरली नव्हती.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “वाढू का थांबू?”

बाबांनी खिशातून मोबाइल काढला. त्यावर काही आलेलं नव्हतं, तरी त्यांनी तो उघडून पाहिला. अंगठा काचेवर फिरत राहिला. आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बाबांनी तोंड उघडलं आणि मला कळलं की ते पुन्हा तेच म्हणणार. येतोय. निघालाय. मग मामा ताट झाकतील, डब्यात भरून देतील, आणि आम्ही ते घरी नेऊ, आणि घरीही ते झाकलेलंच राहील. बाबा पुढच्या दिवाळीलाही चौघं म्हणतील. त्यांना थांबवायला आता अभय नव्हता. माझ्या वाटचं बोलायलाही नव्हता.

बाबांचे ओठ हलले फक्त.

मामांनी पातेलं टेबलावर टेकवलं. एका हाताने उंच टोपी काढली आणि काखेत धरली. आतली रोजची टोपी तिरकी झाली होती. ती त्यांनी सारखी केली नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते त्या उन्हात उभे होते, घाई नसलेल्या माणसासारखे, कळप पाणी पिऊन होईपर्यंत थांबावं तसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही. मला वाटतं ते जेवलेले नव्हते. नंतर ओट्याशी उभं राहून खिडकीकडे तोंड करून जेवणार होते.

मी चौथी खुर्ची मागे ओढली. लाकडावर तिचा मोठा आवाज झाला. मी वर, त्यांच्या डोळ्यात बघितलं.

“मामा, अभय गेला. तो येणार नाही. तुम्ही इथे बसा, आमच्याबरोबर.”